खरें सुख कोणतें?

अमरावतीचें राजापेठ आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या पायांखालचें आहे. बडनेऱ्याच्या रस्त्यानें शहरांत येणाऱ्यास तें लागतेंच, आणि बाजार आटोपून खेड्याकडे परतणारा मनुष्य तेथें केव्हांना केव्हां गाडीची वाट पाहत उभा राहिलेला असतोच. गेल्या हंगामांत एके सायंकाळीं आम्ही असेच तेथें उभे असतां आमच्या ओळखीचे एक शेतकरी भेटले. कापूस विकून ते परत निघाले होते. हिशेबपट्टी खिशांत होती, आणि दर त्यांच्या अपेक्षेपेक्षां बरा लागला होता. आम्हीं सहज म्हटलें, "चला, यंदा तुम्ही सुखी झालां." त्यावर ते कांहीं वेळ रस्त्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "भाव तं भेटला, मास्तर. देणंही फिटलं. पण घरी जावंसं वाटत नाही. दोन वर्षं झाली, धुऱ्याच्या भांडणापासून भाऊ बोलत नाही. आता भाव भेटला हे सांगू कोणाले?"

गाडी आली, ते चढून गेले, आणि त्यांचा प्रश्न आमच्यापाशीं राहिला. ज्या दराची त्यांनीं वर्षभर वाट पाहिली तो मिळाला होता; ज्या कर्जानें त्यांची झोप उडाली होती तें फिटलें होतें; आणि तरीही ते सुखी नव्हते. मग सुख म्हणजे तरी काय? हा प्रश्न केवळ पंडितांचा नाहीं. ज्या उपदेशकास आज एका घरीं बाप्तिस्म्याला व उद्यां दुसऱ्या घरीं मयताला जावें लागतें, त्याच्यापुढें तो दररोज उभा राहतो. म्हणून त्याचा येथें थोडा विचार करूं.

या प्रश्नाचें जें उत्तर सर्वांच्या तोंडीं प्रथम येतें तें असें कीं, जें हवें तें मिळालें म्हणजे सुख. या उत्तराची परीक्षा आमच्या वऱ्हाडानें एकदां मोठ्या प्रमाणावर पाहिली आहे. १८६१ च्या एप्रिल महिन्यांत अमेरिकेच्या उत्तर व दक्षिण भागांत यादवी युद्ध जुंपलें. लँकेशायरच्या गिरण्यांचा बहुतेक कापूस तोंवर त्या दक्षिण भागांतून येत असे. तेथील बंदरें उत्तरेच्या आरमारानें कोंडलीं, आणि गिरणीवाल्यांची दृष्टि हिंदुस्थानाकडे वळली. मुंबईंत कापसाचा दर कित्येक पटींनीं चढला. अमरावतीचा व खामगांवचा बाजार गजबजला, आणि ज्वारीच्या शेतांत कापूस शिरला. मुंबईंत तर पैसा ठेवण्यास जागा पुरेना. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या निघाल्या, त्यांचे भाग मूळ किंमतीच्या अनेक पट दरानें विकले गेले, आणि प्रेमचंद रायचंद यांच्या एका शब्दावर लाखों रुपये इकडचे तिकडे होऊं लागले. पुढें १८६५ सालीं युद्ध संपलें. त्या बातमीबरोबर दर कोसळले, कंपन्या बुडाल्या, आणि स्वतः प्रेमचंद यांचेंही दिवाळें निघालें.

या गोष्टीपासून पैसा चंचल आहे एवढाच धडा घेतला तर तो अपुरा होईल. दर चढला तो आमच्या शेतकऱ्याच्या गुणामुळें नव्हे, आणि उतरला तो त्याच्या दोषामुळें नव्हे. सात समुद्रांपलीकडे तोफा वाजल्या म्हणून तो सुखी, आणि त्या थांबल्या म्हणून तो दुःखी, असें म्हणावयाचें झाल्यास सुख ही मनुष्याची स्वतःची वस्तु उरतच नाहीं. शिवाय त्या युद्धांत सहा लाखांच्या वर सैनिक मेले. ज्या दराच्या मुळाशीं इतक्या घरांतील आकांत आहे, त्यास ज्याला तें ठाऊक आहे असा मनुष्य निखळ सुख म्हणूं शकेल काय? आणखीही एक गोष्ट आहे. १८६७ सालीं लोहमार्ग नागपुरास पोंचला, आणि १८७१ सालीं बडनेऱ्याहून अमरावतीपर्यंत त्याचा फांटा झाला. कापसाच्या गासड्या सुखानें मुंबईस जाऊं लागल्या. परंतु १८९६-९७ सालीं व पुन्हां १८९९-१९०० सालीं दुष्काळ पडला, तेव्हां कापसाचा बाजार व लोहमार्ग हीं दोन्ही जागच्या जागीं असूनही ज्यांच्या पेवांत ज्वारी नव्हती त्यांचे हाल चुकले नाहींत. हवें तें मिळणें ही चांगली गोष्ट आहे. परंतु काय हवें असावें हेंच ज्याला कळलें नाहीं, त्याला तें मिळूनही सुख लाभेलच असें नाहीं.

पहिलें उत्तर असें लंगडें पडल्यावर दुसरें पुढें येतें: सुख बाहेर नाहींच, तें मनांत आहे, मन समाधानी ठेवलें म्हणजे झालें. हें उत्तर साधुपुरुषांच्या नांवानें येतें म्हणून वजनदार वाटतें. आणि आम्हां उपदेश करणाऱ्यांस तर तें फारच आवडतें, कारण तें देण्यास कांहीं खर्च लागत नाहीं. येथें आम्हांस आमचीच एक चूक कबूल केली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वीं, दोन हंगाम लागोपाठ बुडालेल्या एका घरीं आम्ही गेलों होतों. डोक्यावर सावकाराचें देणें होतें आणि चूल थंड होती. आम्हीं समाधान या विषयावर अर्धा तास भाषण केलें. घरची बाई मुकाट्यानें ऐकत होती. आम्ही उठूं लागलों तेव्हां ती म्हणाली, "तुमचं बोलणं गोड आहे, मास्तर, पण समाधानाची भाकर थापता येत नाही." त्या वेळीं आमच्या पिशवींत आमच्या घरची शिदोरी होती, आणि ती सोडण्याचें आम्हांस सुचलें नव्हतें. त्या बाईचें वाक्य आम्ही अद्यापि विसरलों नाहीं.

वऱ्हाडांतील शेतकऱ्यांच्या घरीं गेल्या कांहीं दशकांत जें दुःख कोसळलें, तें आमच्या वाचकांस सांगावयास नको. कर्जानें व निराशेनें घेरलेल्या कित्येकांनीं आपला जीव दिला. २००६ सालीं केंद्र सरकारनें अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम व वर्धा या सहा जिल्ह्यांकरितां ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली, ती हें दुःख केवळ मनाचें नव्हे हें ओळखूनच. अशा घरीं जाऊन मन आवरा असें सांगणें म्हणजे पायांत कांटा मोडलेल्यास चालण्याचे फायदे सांगणें होय. आधीं कांटा काढला पाहिजे.

सुख केवळ मनांत नाहीं, हें दुसऱ्या एका मार्गानेंही ध्यानांत येतें. रॉबर्ट नोझिक नांवाच्या अमेरिकन तत्त्ववेत्त्यानें १९७४ सालीं एक कल्पना मांडली. ती आपण आपल्या गांवच्या भाषेंत मांडूं. समजा, असें एक यंत्र निघालें कीं, त्यास जोडून घेतलें असतां आपलें शेत पिकलें, मुलें शिकलीं, रुसलेला भाऊ बोलूं लागला असा हुबेहूब अनुभव मनुष्यास येत राहील; परंतु प्रत्यक्षांत तो डोळे मिटून एका टांकींत पडलेला असेल, शेत ओसाड असेल, आणि भाऊ अजून रुसलेलाच असेल. अशा यंत्रांत जन्मभर राहावयास आपणांपैकीं कोण तयार होईल? आम्हांस वाटतें, बहुतेक जण नाहीं म्हणतील. भाऊ बोलला असें वाटणें आपणांस नको असतें. भाऊ बोलावा हें आपणांस हवें असतें. गांवांत दारूचा पेला हेंच यंत्राचें काम रात्रीपुरतें करितो, आणि सकाळीं त्याची किंमत घरांतील बायकामुलें देतात.

तिसरें उत्तर अधिक सावध आहे. तें म्हणतें, सुखाची व्याख्या करण्याच्या भरीस पडूं नका. दुःख नसणें, वेदना नसणें, हेंच सुख. हें उत्तर ऐकतांच आम्हांस अमरावतीच्या बाहेरील तपोवन आणि अचलपूर-परतवाड्याजवळील कोठारा येथील कुष्ठरोग्यांचें रुग्णालय यांची आठवण होते. ज्या रोगास आपले वाडवडील महारोग म्हणत, त्याचे जंतु नॉर्वे देशांतील डॉ. हान्सेन यांनीं १८७३ सालीं शोधून काढले. हा रोग शरीरांतील संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंस इजा करितो, आणि मग हातापायांस कांहीं लागलें तरी कळेनासें होतें. बाई तापलेल्या तव्यास हात लावते व हात मागें घेत नाहीं. मनुष्य पायांत कांटा घेऊन कोसभर चालतो. रात्रीं उंदीर बोट कुरतडतो व झोप मोडत नाहीं. पूर्वीं लोकांस वाटे कीं, या रोगानें मांस आपोआप झडतें. परंतु वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयांत १९४६ पासून काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनीं बारकाईनें पाहून दाखवून दिलें कीं, बोटें जातात तीं बहुतांशीं वेदना न कळल्यामुळें झालेल्या जखमांनीं व त्या चिघळल्यामुळें. वेदना हा शत्रु नव्हता, पहारेकरी होता. आणि पहारेकरी गेल्यावर घर लुटलें गेलें.

पुढें अमेरिकेंत असतांना या डॉक्टरांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा रोग्यांकरितां कृत्रिम वेदना देणारें साधन करून पाहिलें. हातावर फार दाब आला कीं तें रोग्यास इशारा देई. परंतु अनुभव असा आला कीं, हातांतील काम पुरें करण्याचें मनांत असलें म्हणजे रोगी तो इशारा बंद करून टाकीत. अखेर तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. या लहानशा गोष्टींत फार मोठा अर्थ आहे. जी वेदना आपणांस वाटेल तेव्हां बंद करितां येते ती आपलें रक्षण करीत नाहीं. जर वेदना नसणें हेंच सुख असतें, तर बधिर हात हा जगांतील सर्वांत सुखी हात ठरला असता. मनाचेंही असेंच आहे. भाऊ बोलत नाहीं याचें ज्याला कांहींच वाटत नाहीं तो राजापेठेंत भेटलेल्या त्या शेतकऱ्यापेक्षां सुखी नव्हे, तर अधिक रोगी होय. त्या शेतकऱ्याचें मन दुखत होतें, म्हणजे तें जिवंत होतें.

तर मग सुख हें मिळकतींत नाहीं, नुसत्या मनाच्या समजुतींत नाहीं, आणि वेदना नसण्यांतही नाहीं. मग तें कोठें आहे? येथें सुख हा शब्दच आम्हांस थोडें साहाय्य करितो. संस्कृत भाषेच्या कित्येक अभ्यासकांनीं त्याची एक व्युत्पत्ति दिली आहे. ती सर्वांसच मान्य आहे असें नाहीं, परंतु शेतकऱ्यास ती तत्काळ पटेल. 'सु' म्हणजे चांगलें, आणि 'ख' म्हणजे छिद्र, येथें चाकाच्या तुंब्याचें छिद्र, ज्यांत आंस बसतो. ऋग्वेदांत हा शब्द रथाचें विशेषण म्हणून आलेला आहे; ज्याचीं चाकें आंसावर नीट बसलीं आहेत व जो विनासायास चालतो तो रथ सुख. या अर्थानें पाहिलें तर 'दुःख' म्हणजे ज्याचें तुंब्याचें छिद्र वेडेंवांकडें आहे असें चाक. रबरी धावांच्या गाड्या आल्या तरी जुन्या लांकडी गाडीचें करकरणें ज्यांनीं ऐकलें आहे, त्यांस याहून अधिक सांगण्याची गरज नाहीं.

या दृष्टांताचें बळ पाहा. सुखाची गाडी म्हणजे रिकामी गाडी नव्हे. चाक बिघडलें असेल तर रिकामी गाडीही करकरते, आणि चाक नीट बसलें असेल तर बारदानांनीं लादलेली गाडीही चालते. गाडींत किती माल आहे यावरूनही तिचें सुख ठरत नाहीं. सुख म्हणजे ओझें नसणें नव्हे, ओझें मोठें असणेंही नव्हे. ज्या आंसाभोंवतीं आपलें आयुष्य फिरावयाचें, त्यावर तें नीट बसलेलें असणें म्हणजे सुख. आणि तो आंस कोणता? आमच्या मतें तो असा कीं, माणसांत आपली जागा असावी, आपल्या हातून कोणाच्या तरी उपयोगाचें काम व्हावें, आपला आनंद व आपलें दुःख ज्यास सांगावें असें कोणी असावें, आणि ज्या देवापुढें उभें राहावयाचें त्याच्यापुढें मान खालीं घालण्याची पाळी येऊं नये. ग्रीक तत्त्ववेत्ता अरिस्टॉटल यानेंही तेवीसशें वर्षांपूर्वीं असेंच कांहीं प्रतिपादिलें होतें कीं, सुख ही मनाची लहर नव्हे, तर सद्गुणास अनुसरून चालणारी, सबंध आयुष्यभर पसरलेली क्रिया होय. गाडी उभी असतां तिचें सुख कळत नाहीं. ती चालूं लागली म्हणजेच कळतें.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे, याचा पुरावा तपोवनानें दिला आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन हे अमरावतींत होमिओपाथीचा धंदा करणारे गृहस्थ. त्यांनीं १९४६ सालीं शहराबाहेर कुष्ठरोग्यांकरितां ही वसाहत स्थापिली. ज्यांस घरच्यांनीं घराबाहेर व गांवानें वेशीबाहेर काढलें होतें, त्यांस तेथें औषध तर मिळालेंच. परंतु त्याबरोबर शेती व निरनिराळे हातधंदे मिळाले, आणि स्वतःच्या श्रमाची भाकर मिळाली. १९५९ सालीं सरकारनें डॉ. पटवर्धनांस पद्मश्री देऊन गौरविलें. याच सुमारास, १९५१ सालीं, चांदा जिल्ह्यांत वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांनीं मोजक्या रोग्यांनिशीं अशीच वसाहत वसविली, आणि तिला नांव दिलें आनंदवन. बाहेरचा मनुष्य ज्यास दुःखाचें शेवटचें टोक समजे, त्या ठिकाणास आनंदाचें नांव देणें हें धाडसच होतें. परंतु तें खोटें ठरलें नाहीं. आज या रोगावर मोफत औषधें मिळतात व सहा ते बारा महिन्यांच्या उपचारानें तो बरा होतो. तरीही बरा झालेला मनुष्य जेव्हां गांवीं परततो, तेव्हां त्याला जंतूंनीं दिलेल्या दुःखापेक्षां माणसांनीं दिलेलें दुःख जड जातें. औषधानें शरीर बरें होतें. चाक आंसावर बसतें तें कोणीतरी आपल्या पंक्तीला बसविल्यावर.

आमच्या प्रभूनें डोंगरावर बसून ज्यांस धन्य म्हटलें, त्यांत गरीब आहेत, शोक करणारे आहेत, आणि समेट करणारेही आहेत. शोकांत गोडी आहे म्हणून शोक करणारे धन्य असें त्याचें म्हणणें नाहीं. ज्यांचें हृदय बधिर झालेलें नाहीं, आणि म्हणून ज्यांचें सांत्वन होऊं शकतें, ते धन्य, असें आम्ही समजतों.

या विचारांतून आमच्या उपदेशक बंधुभगिनींस तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली ही कीं, भुकेल्या घरीं समाधानावर भाषण करूं नका. पिशवींत शिदोरी असेल तर ती आधीं सोडा. आणि देणें, विमा, सरकारी मदत यांचा कागद वाचतां येत नसेल तर तो वाचून दाखवा. चाक दुसऱ्यानें मोडलें असेल तर तें दुरुस्त करण्यास हात लावणें हाच त्या दिवसाचा उपदेश. दुसरी ही कीं, कोणी रडत असेल तर त्याला घाईनें गप्प करूं नका. वेदना कशाचा तरी इशारा देत असते, तो आधीं ऐकून घ्या. आणि जो फारच गप्प झाला आहे, ज्याला कशाचेंच कांहीं वाटेनासें झालें आहे, त्याच्या घरीं लवकर जा, पुन्हां पुन्हां जा, व त्याला एकटें राहूं देऊं नका. तिसरी ही कीं, ज्याचें सर्व कांहीं चांगलें चाललें आहे त्यालाही विचारा, "हें तुम्ही कोणास सांगितलें?" कारण ज्याला आपलें सुख सांगावयास कोणी नाहीं, त्याला तें मिळालेलें असून नसल्यासारखें आहे.

राजापेठेंत भेटलेल्या त्या शेतकऱ्यांची पुन्हां गांठ पडली ती उन्हाळ्यांत. त्यांचा भाऊ तापानें आजारी पडला होता, तेव्हां ते न बोलावतां त्याच्या दारीं गेले होते. भावजयीनें दार उघडलें, आणि कांहीं न बोलतां चहा पुढें केला. धुऱ्याचा वाद अजून मिटलेला नाहीं; त्याचे कागद कचेरींत पडलेले आहेत, आणि कापसाचा पुढचा दर काय लागेल हें कोणासच ठाऊक नाहीं. तरी आम्हीं विचारलें, "आतां कसें काय?" तेव्हां ते हंसून म्हणाले, "गाडी चालू आहे, मास्तर."